दर्बेहून मागे वळणारी वाट

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

नव्या करारातलं लूकलिखित पुस्तक ‘प्रेषितांची कृत्ये’, त्यातले पौलाच्या प्रवासांचे अध्याय 13 ते 28, तुम्ही आम्हाला नकाशा उघडा ठेवूनच वाचायला लावलेत. त्याबद्दल हे जाहीर आभार. ही पद्धत इतर अभ्यासवर्गांच्याही उपयोगी पडेल, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

सुरुवातीला सगळ्यांची गफलत होते ती अंत्युखियापाशी. या नावाची दोन शहरं आहेत. एक सिरियातलं, तिथल्या मंडळीने उपास-प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि सौल (म्हणजेच पौल) यांची पहिल्या प्रवासावर रवानगी केली. दुसरं पिसिदियातलं, डोंगरापलीकडचं. चौदाव्या अध्यायात 21व्या वचनात पिसिदियातलं येतं आणि 26व्यात सिरियातलं. हे निसटलं की सगळा प्रवासच डोक्यात उलटसुलट होतो. दोघांना वेगवेगळ्या रंगाची खूण करा, हा तुमचा उपाय साधा आणि अचूक आहे.

मग पिर्गा. तिथून पिसिदियातल्या अंत्युखियाला ते पोहोचले, एवढं एका वचनात उरकतं. नकाशावर मात्र ते सुमारे 160 किलोमीटर भरतं, तेही समुद्रकाठावरून तौरस पर्वतरांग चढून हजार मीटरच्या वर. दिवसाला 25 किलोमीटर धरले तरी आठवडाभराची पायपीट. त्यांचा सोबती योहान मार्क पिर्गाहूनच यरुशलेमेला परतला. का, ते लूक सांगत नाही, आणि तुम्हीही आम्हाला ती रिकामी जागा अंदाजाने भरू दिली नाहीत. याचं आम्हाला विशेष मोल वाटतं.

पण खरे आभार दर्बेसाठी. लुस्त्रात पौलाला दगडमार झाला, मेला असं समजून लोकांनी त्याला नगराबाहेर ओढून टाकलं. शिष्य भोवती उभे राहिले, तो उठला, पुन्हा नगरात गेला आणि दुसऱ्या दिवशी बर्णबाबरोबर दर्बेला निघाला. तुम्ही म्हणालात, आता दर्बेवर बोट ठेवा. तिथून पूर्वेला डोंगरातली खिंड ओलांडली की तार्स, पौलाचं जन्मगाव. आणि पुढे सिरियातलं अंत्युखिया. घरची वाट समोर होती. तरी बोट मागे फिरवावं लागतं: लुस्त्र, इकुन्या, पिसिदियातलं अंत्युखिया. ज्या गावांनी हाकललं, दगड मारले, तीच गावं, त्याच क्रमाने उलटी. कशासाठी? नव्या शिष्यांना धीर द्यायला आणि प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे पुढारी, नेमायला. देवाच्या राज्यात पुष्कळ संकटांतून जावं लागतं, हे चौदाव्या अध्यायातलं वचन 22 त्या परतीच्या वाटेवरचं आहे. अंगावरचे वळ घेऊन आलेल्या माणसाने ते सांगितलं, हे नकाशाशिवाय कळत नाही.

बर्णबा म्हणजे बोधपुत्र. या नावाच्या अर्थातला ‘बोध’ आणि वचन 22 मधलं धीर देणं, हे मूळ ग्रीकमध्ये एकाच धातूचे शब्द आहेत, हेही तुम्ही तिथेच दाखवलंत. पहिल्या प्रवासाचं वर्णन बहुतेकदा पौलाभोवती फिरतं. बर्णबाकडे असं थांबून पाहायला क्वचितच कोणी शिकवतं.

दिवस मोजायची सवयही तुमचीच. त्रोवसाहून नियापुलीस, म्हणजे फिलिप्पैच्या बंदराला, जाताना जहाज दोन दिवसांत पोहोचलं (16:11), तर फिलिप्पैहून त्रोवसाला येताना पाच दिवस लागले (20:6). समुद्र तोच, पण परतीला अडीचपट वेळ. लूक त्यावर एक शब्दही कुरकुरत नाही. तो ‘आम्ही’ म्हणून लिहायला लागतो 16:10 पासून, फिलिप्पैनंतर थांबतो आणि 20:5 ला पुन्हा सुरू करतो. त्या ‘आम्ही’खाली रेघ मारली की तो कुठे सोबत होता ते नजरेसमोर येतं.

आणि लुस्त्र नकाशावरून पुसू नका, असं तुम्ही बजावलंत, कारण दुसऱ्या प्रवासात पौलाला त्याचा तरुण सहकारी तीमथ्य मिळाला तो तिथेच. पुढे याच तीमथ्याला त्याने लिहिलं, की येताना मार्कालाही घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. पिर्गाहून परत गेलेला तोच मार्क.

आपले,
बायबल अभ्यासवर्गातले विद्यार्थी