गिरण्यांच्या कबड्डी संघांची नोंद पुरी करण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, वरळी या गिरणगावातील अनेक कापड गिरण्यांचे स्वतःचे कबड्डी संघ होते. पहिली पाळी सुटली की साचेखात्यातून, म्हणजे मागांच्या विभागातून, बाहेर पडलेली मुले केसांतला कापूस झटकत मैदान गाठीत, आणि नरे पार्कवर किंवा कामगार मैदानावर सामना असला की दुसऱ्या पाळीला जाणारेही भोंगा होईपर्यंत दोरीपाशी उभे राहत. हे सारे आम्हांला त्या वेळच्या खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी सांगितले. कागदावर त्याचा पुरावा शोधू गेले की मात्र हाती फारच थोडे लागते, आणि म्हणूनच आमचे क्रीडा मंडळ आपणांकडे मदत मागत आहे.

गेली तीन वर्षे मंडळाचे कार्यकर्ते नोकऱ्या सांभाळून हे काम करीत आहेत. मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली स्थापन झाली. तेव्हापासूनचे मालक, यंत्रे, वेतन आणि संप यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. कबड्डीच्या बाजूने पाहिले, तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला केलेली प्रात्यक्षिके आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक यांचीही नोंद आहे. या दोन इतिहासांच्या मधला माणूस, दिवसभर साच्यावर उभा राहून संध्याकाळी चढाईला जाणारा, तो मात्र कुठेच सापडत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि यंत्रांबरोबर दप्तरेही भंगारात गेली. एका गिरणीच्या क्रीडा विभागातील कपाटाचा माग काढीत आम्ही तेथील निवृत्त कारकुनांच्या घरी पोहोचलो, तेव्हा संघनिवडीची रजिस्टरे आणि जिंकलेल्या ढाली एकाच दिवशी टेंपोत भरून गेल्याचे त्यांनी सांगितले. ढालींवर कोरलेली नावे त्यांना तोंडपाठ होती. साल एकाचेही आठवेना.

मग जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळल्या. तिथे अमुक मिलने तमुक मिलवर लोण देऊन (म्हणजे अख्खा संघ बाद करून) मात केली, एवढीच दोन ओळींची बातमी असते, आणि खेळाडूंचा उल्लेख आलाच तर नुसत्या आडनावांनी. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या लाखोंच्या वस्तीत त्या संघातला ‘कदम’ नेमका कोणता, हे ठरवायचे कसे? त्यातून एकच खेळाडू आठवडाभर गिरणीचा आणि रविवारी आपल्या व्यायामशाळेचा असे. कोणी दुसऱ्याच्या बदली कार्डावर (गैरहजर कामगाराच्या जागी काम करण्याच्या कार्डावर) कामाला जाई, त्यामुळे मस्टरवर त्याचे नाव एक आणि मैदानावर दुसरे. फार जुन्या सामन्यांच्या गुणसंख्येवरही विसंबता येत नाही, कारण बाद झालेला गडी पुन्हा उठतो ती संजीवनी पद्धत आणि सगळा संघ बाद होईपर्यंत गड्याला बाहेरच बसवते ती गामिनी पद्धत, यांपैकी सामना कोणत्या पद्धतीने खेळला गेला, हे बातमीत लिहिलेलेच नसते.

आता भरवसा आहे तो घराघरांतल्या ट्रंकांवर. चाळी पुनर्विकासाला जात आहेत आणि घर हलवताना आजोबांची पेटी गावी तरी जाते किंवा रद्दीत तरी. आपल्या घरी संघाचे छायाचित्र, स्पर्धेचे पत्रक, प्रशस्तिपत्र, पदक, बिल्ला, गिरणीचे नाव असलेला गणवेश, फार काय, सामन्यासाठी मिळालेल्या रजेची चिठ्ठी असली, तरी ती कृपया टाकू नये. मंडळाच्या कार्यालयात रोज सायंकाळी ७ ते ९ या वेळेत आणल्यास आपल्यासमोरच तिची प्रत काढून मूळ वस्तू त्याच वेळी परत केली जाईल. वडीलधाऱ्यांना येणे शक्य नसेल, तर आमचे कार्यकर्ते घरी येतील. घरी येऊन मुलाखत ध्वनिमुद्रित करणे हेच आम्हांला सर्वांत निकडीचे वाटते, कारण गेल्या पावसाळ्यात ज्यांच्याकडे जायचे ठरले होते, त्यांपैकी दोघे आमच्या भेटीपूर्वीच गेले.

अनेक खेळाडू आज रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर येथील गावी राहतात. तिथवरचा प्रवास, स्कॅनर, ध्वनिमुद्रणाचे साहित्य आणि छायाचित्रे जपण्यासाठी लागणारे आम्लरहित कागद यांचा खर्च मंडळाच्या वर्गणीतून भागत नाही. देणगी धनादेशाने किंवा मंडळाच्या बँक खात्यात जमा करून द्यावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल. आर्थिक मदत शक्य नसल्यास मोडी किंवा जुने हस्ताक्षर वाचून देणाऱ्यांचे, तसेच रविवारी दोन तास ग्रंथालयात बसू शकणाऱ्या तरुणांचेही साहाय्य मोलाचे आहे.

सध्या कार्यालयाच्या भिंतीवर वाळवीने एक कोपरा खाल्लेले एक छायाचित्र लावले आहे. त्यात ढालीभोवती बसलेले आणि उभे असे अकरा जण आहेत व त्यांपैकी चौघांची नावे लागली आहेत. खालच्या रांगेत डावीकडून दुसरा, उजव्या गुडघ्याला पट्टी बांधलेला आणि कॅमेऱ्याऐवजी ढालीकडे पाहणारा तरुण कोण, हे आजवर आलेल्या कोणालाच सांगता आलेले नाही. आपल्या घरातील ज्येष्ठांना घेऊन ते पाहण्यास अवश्य यावे.

आपले विनीत,
मंडळाचे कार्यकारी सदस्य