कोरियांच्या वास्तूंचे दालन कला अकादमीतच हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन २०१३ साली लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेत भरले होते आणि त्याच सुमारास त्यांनी आपली सहा हजारांहून अधिक रेखाचित्रे त्या संस्थेच्या संग्रहाला दिली. कोरिया यांचे मूळ गोव्यातले आणि त्यांची एक प्रमुख वास्तू, नाट्य-संगीताचे केंद्र असलेली कला अकादमी, पणजीत कांपालला मांडवीच्या काठी उभी आहे. त्यांच्या कामाचे कायमस्वरूपी दालन कला अकादमीच्याच इमारतीत सुरू करावे, अशी मागणी मी या पत्राद्वारे करीत आहे.

हे दालन म्हणजे गुळगुळीत छायाचित्रे आणि सन्मानांची जंत्री नसावी. १९८४ चे ब्रिटिश संस्थेचे सुवर्णपदक आणि २००६ चा पद्मविभूषण यांची नोंद एका कोपऱ्यात पुरे. पाहणाऱ्याला हवी असतात ती छेदचित्रे (इमारत उभी कापल्यास आत काय दिसेल ते दाखवणारी रेखाचित्रे) आणि लाकडी प्रतिकृती, कारण कोरियांचा खरा विचार इमारतीच्या दर्शनी भागापेक्षा तिच्या छेदात दिसतो. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयात (१९६३) त्यांनी सहा मीटर चौरसाचे छोटे घटक जोडत नेले, काही उघडे ठेवले, काही बंद केले आणि खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा बसवल्या. मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) त्यांच्यापुढे पेच होता. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा येण्याची वाटही तीच. त्यावर त्यांनी २८ मजली इमारतीचे कोपरे कोरून दोन मजले उंचीचे व्हरांडे काढले, म्हणजे राहती खोली मागे सरकली आणि ऊन-पाऊस बाहेरच थोपला गेला. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या छपराखालच्या बैठकीत, बसून पाऊस पाहिलेल्या गोवेकराला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. नवी मुंबईतील बेलापूर येथे कोरियांनी रचलेली घरेही या दालनात असावीत. सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती सात घरे आणि कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे प्रत्येक घर पुढे वाढवण्याची सोय, हा विचार राजांगण (घराच्या मधले उघडे अंगण) असलेल्या घरात वाढलेल्यांना आपलाच वाटेल.

वस्तूंविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे हेळसांड होते ती त्यांचीच. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुरचनाकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली घडवलेल्या सागवान आणि वेताच्या खुर्च्या अनेक वर्षे भंगारात निघत होत्या. परदेशी लिलावांत त्यांना लाखोंची बोली लागू लागली, तेव्हा कोठे त्या वारसा असल्याचा साक्षात्कार आपल्याला झाला. गोव्यातल्या जुन्या घरांतून शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आणि कोरीव दारे अशीच बाहेर पडत असतात. पर्वरीजवळ तोर्डा येथे वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेले ‘हाऊसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय आहे म्हणून यांतले काही एका जागी पाहायला तरी मिळते. कला अकादमीतून दुरुस्तीच्या निमित्ताने उतरवलेली जुनी आसने, दिवे, दारांच्या मुठी किंवा नामफलक कोठे पडून असतील, तर ते शोधून त्यांची यादी करावी आणि निवडक वस्तू दालनात मांडाव्यात.

हे दालन अन्यत्र न करता याच इमारतीत करण्याचे कारण उघड आहे. सर्वांत मोठी प्रदर्शनीय वस्तू ती इमारतच आहे. रस्त्यावरून आलेला माणूस मांडवाच्या सावलीतून सरळ नदीपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी त्याला तिकीट लागत नाही, की कोणाला विचारावे लागत नाही. अकादमीतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिर या नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले आहेत. मराठी नाट्यस्पर्धेतल्या एखाद्या रटाळ प्रयोगाला खुर्च्या रिकाम्या पडल्या, तरी ही मंडळी हटत नाहीत! कोरियांनी चित्रातल्या आभासाचा असाच खेळ दोना पावल येथील सिदाद द गोवा हॉटेलातही केला होता. ही दोन कामे शेजारी मांडली, तर त्यातला विनोद आणि हिशेब दोन्ही कळतील.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. जुलै २०२३ मध्ये, दुरुस्ती चालू असताना, खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला आणि नोव्हेंबरमध्ये वास्तू पुन्हा उघडल्यावर रंगकर्मींनी ध्वनी, प्रकाशयोजना आणि गळतीविषयी तक्रारी केल्या. या साऱ्या वादात मूळ रचना कशी होती आणि बदलले काय, हे सामान्य प्रेक्षकाला ताडून पाहता आले नाही, कारण मूळ नकाशे त्याच्यासमोर नव्हते. ते भिंतीवर लावलेले असते, तर निदान वाद मुद्द्यावर झाला असता.

कला व संस्कृती खात्याने पणजीतील चार्ल्स कोरिया प्रतिष्ठानाला सोबत घेऊन लंडनच्या संग्रहातून आवश्यक रेखाचित्रांच्या प्रती मागवाव्यात, माहितीफलक मराठी आणि कोकणीतही लावावेत आणि प्रवेश विनामूल्य ठेवावा. कला अकादमीच्या पुढील कोणत्याही मोठ्या दुरुस्तीची निविदा काढण्यापूर्वी मूळ छेदचित्र आणि प्रस्तावित बदल या दालनात किमान महिनाभर शेजारी शेजारी लावून लोकांच्या हरकती मागवाव्यात.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, फोंडा