नाना, खुराड्याच्या जागेबद्दल

नाना,

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "चाय घेतलंस?" म्हणत विषय उडवता. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

मुंबई सोडून कुडाळला आलो त्या पहिल्याच पावसात माझ्या 12 पिल्लांतली 9 गेली. रक्ती हगवण. औषधाला, पिल्लं विकणाऱ्याला, सगळ्यांना दोष देऊन मी मोकळा झालो होतो. तुम्ही आलात, खुराड्यातलं मूठभर तूस उचललंत आणि माझ्या तळहातावर ठेवलंत. ओलं, कोमट, नाकाला झोंबणारं. बोललात काहीच नाही.

जागा मीच निवडलेली: विहिरीजवळ, फणसाखाली. सावली आहे आणि पाहुण्यांना दिसत नाही, एवढाच विचार. पाऊस थांबला तरी फणस ठिबकत राहतो, छप्पर वाळत नाही, फांदीवरून कांडेचोर (उदमांजर) थेट छपरावर उतरतो, हे तुम्ही सवडीने सांगितलंत. विहिरीचं मात्र लगेच, आणि रागावून. जांभ्यातून पाणी झरझर मुरतं. विष्ठा पिण्याच्या पाण्यात उतरायला कितीसा वेळ?

यंदा मेमध्ये नव्या खुराड्यासाठी चिरे येऊन पडले, गवंडीही मिळाला, आणि तुम्ही म्हणालात, "आधी पाणी खयसून जाता ता बघ." खरं सांगतो, वैताग आला होता. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत तुम्ही छत्री घेऊन परसात उभे राहिलात आणि पाणी जाईल तिथे तिथे मला काठ्या रोवायला लावल्यात. (छत्री एकच होती, ती तुमची.) मी मनात पक्की केलेली दुसरी जागा बरोबर मधोमध ओहोळात निघाली.

शेवटी घराच्या उत्तरेचा उंचवटा ठरला, मागल्या दारापासून पंधरा पावलांवर. दिवसाचा खारा वारा पश्चिमेचा, रात्रीचा मतलई पूर्वेचा. वास स्वयंपाकघरात येत नाही. सहा बाय चारचं खुराडं, लांबी पूर्व-पश्चिम. पश्चिमेची आखूड बाजू बंद भिंतीची, तिरपा पाऊस आणि दुपारचं ऊन तिच्याच अंगावर. दोन्ही लांब बाजूंना जाळी, खाली दीड फुटाचं जोतं. जाळी अर्ध्या इंचाचीच घे, हा तुमचा हट्ट तेवढा महाग पडला.

जुलैत दहा तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणल्या. भर पावसात तूस मुठीत दाबलं, सुटं झालं. परवा रात्री दोनच्या सुमारास कलकलाट ऐकून टॉर्च घेऊन धावलो, तर जाळीशी रानमांजर. मला बघून कुंपणापलीकडे गेलं. दहाच्या दहा जागेवर. फणसाखाली असत्या तर सकाळी पिसंच दिसली असती.

तलंगा अजून अंड्यावर यायच्या आहेत. आल्या की पहिला डझन तुमच्याकडे, गुरुवार सोडून आणतो. काठ्या मी उपटलेल्या नाहीत. गोठ्याचं मनात आहे, एकदा बघायला या. छत्र्या दोन ठेवल्यात.