प्रार्थना करतेय, पण कशासाठी ते ऐक

भायखळा, मुंबई

चि. आशिष यास,
सलाम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, यात देवाची इच्छा काय आहे ते कळू दे म्हणून प्रार्थना कर." मी हो म्हटलं, तेवढ्यात तुझी गाडी आली आणि फोन कटला. रात्री प्रार्थनेला बसले, तर मागायचं काय तेच सुचेना. स्लॅबच्या काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे, ते तुमचे क्यूब, भरलेलेच नाहीत, तरी रजिस्टरमध्ये सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचे आकडे लिहून खाली तुझी सही हवी आहे. यात देवाची इच्छा तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आणि तुझ्या साहेबांनाही ती ठाऊक असावी असा माझा अंदाज आहे. "आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको" हे सिनाय पर्वतावरच सांगून झालंय. ठाण्याच्या साइटसाठी वेगळा दृष्टांत कशाला हवा?

तुला रागावण्यासाठी लिहीत नाही. तू निदान विचारलंस, पुष्कळ जण सही ठोकून मोकळे होतात. फोनवर बोलायला गेलं की तू "बघू, बघू" म्हणतोस आणि मी चिडते, म्हणून कागद घेतला.

आपल्या लोकांची एक खोड मी इतकी वर्षं पाहतेय. आज्ञा जिथे स्वच्छ दिसते तिथे आपण मार्गदर्शन मागत बसतो. आणि जिथे खरंच काही कळत नाही, मुलीला कुठे द्यावं, घर कल्याणला घ्यावं की पनवेलला, तिथे मात्र देवाला न विचारता टोकन देऊन येतो! शौल राजाचंही तेच झालं. १ शमुवेलचा पंधरावा अध्याय काढून वाच. अमालेकी शत्रूंचं काहीही राखून ठेवायचं नाही असं देवाने सांगितलेलं असताना त्याने चांगली चांगली मेंढरं ठेवून घेतली आणि वर शमुवेल संदेष्ट्याला सांगितलं, मी आज्ञा पाळली. शमुवेलाने विचारलं, मग ही मेंढरं ओरडताहेत ती कशी? शौलाकडे उत्तर तयारच होतं: लोकांनी ठेवलीत, देवाला यज्ञ करायला. (त्या अध्यायातली मूळ आज्ञाच मला फार जड जाते, ते मी पाळकसाहेबांना पुन्हा एकदा विचारणार आहे. पण शौलाची सबब मात्र चांगलीच ओळखीची वाटते.) तेव्हा शमुवेल म्हणाला, "यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे." म्हणजे सही करून जो बोनस येईल त्याचा दशमांश देवाला कितीही चोख दिलास, तरी मेंढरं ओरडायची थांबत नाहीत.

तुझ्या पहिल्या साइटवर तू मला ते लोखंडी साचे दाखवले होतेस, आठवतं? पंधरा सेंटिमीटरचे, आतून तेल लावलेले. काँक्रीट भरायचं, सळईने ठोकायचं, वरच्या अंगाला खिळ्याने तारीख कोरायची, मग टाकीत बुडवून ठेवायचे आणि दिवस भरले की मशीनखाली फोडायचे. मी म्हटलं होतं, एवढं सुबक करून फोडायचं? तू म्हणालास, "आई, हा फुटतो तेव्हाच वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या माणसाला झोप लागते." तो मुलगा मला फार आवडला होता. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आठवं वचन आहे: नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर तिथून कुणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. इतक्या मोठ्या नियमशास्त्रात देवाने गच्चीच्या कठड्याची आठवण ठेवली. म्हणजे तुझं काम त्याच्या नजरेबाहेरचं नाही. शिळफाट्याची ती इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ७४ माणसं गेली. बांधकाम चालू असतानाच लोक तिथे राहायला आले होते. ती बातमी तुला नव्याने सांगायला नको. मी एवढंच म्हणते की "शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष" यातला तुझा शेजारी अजून राहायला यायचा आहे, आणि तो नवव्या मजल्याचं बुकिंग करून हप्ते भरतोय.

आमच्या हॉस्पिटलात नर्सांकडे क्यूब नव्हते, टीपीआर चार्ट होता. ताप, नाडी, श्वास. पहाटेचा राउंड म्हणजे चाळीस पेशंट आणि सिस्टर दोन. काही जणी टेबलावर बसूनच चार्ट भरायच्या, ९८.४, ७२, १८, ओळीने सगळ्यांना सारखंच. माझी पहिली नाइट ज्यांच्या हाताखाली झाली त्या सिस्टर नगरच्याच, आपल्याच मंडळीतल्या. त्या प्रत्येक खाटेपाशी थांबायच्या, मनगट धरून घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिट मोजायच्या, अर्ध्या मिनिटाची दुप्पट नाही. कुणी पाहत नसायचं. पेशंट झोपेत, डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत. सकाळी दोघींचे चार्ट शेजारी ठेवले तर कुणाला फरक कळला नसता. त्यांनी मला कधी बायबलचं वचन ऐकवलं नाही. "मोजलं नसेल तर जागा रिकामी सोड" एवढंच म्हणायच्या. देवाचं गौरव म्हणजे काय असं आता मला कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढे व्यासपीठ येत नाही, तो वॉर्ड येतो. पौलाने करिंथकरांना लिहिलंय की तुम्ही खाता, पिता किंवा जे काही करता ते सर्व देवाच्या गौरवासाठी करा. "जे काही" मध्ये चार्ट येतो आणि रजिस्टरही येतं.

आता अवघड भागाकडे येते. फ्लॅटचा हप्ता आहे, पिंकीची शाळा आहे, सुनबाईंची नोकरी कंत्राटी. ही भीती खोटी नाही आणि तिला अविश्वास म्हणायला मी तयार नाही. समर्पण म्हणजे भीती वाटायची थांबते असं कुणी सांगितलं तर त्याने गेथशेमाने बागेतली प्रभूची शेवटच्या रात्रीची प्रार्थना वाचलेली नाही. प्रभूने आधी दुःखाचा प्याला टळावा म्हणूनच मागितलं, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात एकदा नाही, तीनदा. मग "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." तेव्हा नोकरी राहू दे म्हणून तू खुशाल माग. मीही मागते आहे. फक्त सही करण्याची परवानगी मागू नकोस.

पंडिता रमाबाईंचं एक सांगते. शारदा सदन त्यांनी १८८९ मध्ये आपल्या या मुंबईतच सुरू केलं, पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, हे तुला शब्बाथशाळेपासून पाठ आहे. पण शेवटचं वर्ष शाळेत कुणी सांगत नाही. एकुलती एक लेक मनोरमा, जिच्यावर पुढचं सगळं सोपवायचं ठरलेलं, ती १९२१ मध्ये गेली. रमाबाईंना ऐकूही नीट येत नव्हतं, प्रकृती ढासळलेली. त्या हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या आणि केडगावच्याच छापखान्यात बाया-मुली ते छापत होत्या. लेक गेल्यावरही त्या मुद्रितं तपासत राहिल्या, आणि ते काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला प्रभूकडे गेल्या. "देवा, असं का?" हे त्यांनी विचारलंच नसेल असं मी एक आई म्हणून मानत नाही. पण समोरचं पान तपासायचं होतं, ते तपासलं.

सही नाकारलीस तर सगळं ठीक होईल, असं मी तुला सांगणार नाही. आपल्याकडे उपासनेत साक्षीच्या वेळी लोक उभे राहतात, प्रभूने प्रमोशन दिलं, प्रभूने टू-बीएचके दिला. आनंदच आहे. पण ज्यांची नोकरी खरं बोलल्यामुळे गेली ते मागच्या बाकावर बसून ऐकत असतात आणि त्यांना कुणी माइक देत नाही. माझ्या मूर्तीला नमा, नाहीतर भट्टीत टाकतो, असं नबुखद्नेस्सर राजाने धमकावलं तेव्हा शद्रख, मेशख आणि अबेद्नगो त्याला काय म्हणाले? आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. मला त्यातलं "नाही तरी" हवंय. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभारायला घेतली. वय पंचावन्न. दोन वर्षांत, १९१९ ला, ते गेले. वाण्याच्या वहीत हा व्यवहार मांडला तर तोटाच दिसेल.

मात्र आज्ञापालन म्हणजे आडदांडपणा नव्हे, आणि इथे पप्पांचं म्हणणं मला पटतं. ते म्हणतात, "त्याला सांग, राजीनामा खिशात घेऊन जाऊ नकोस." दानीएल राजाच्या ताटातलं खाणार नव्हता, पण त्याने ताट फेकलं नाही. कारभाऱ्याला विनंती केली, दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा, मग ठरवा. कारभाऱ्याचीही मान वाचेल असा मार्ग त्याने काढून दिला. तूही तसंच कर. चारचौघांत नको, साहेबांना एकटं गाठ. झालेल्या स्लॅबचीही तपासणी करता येते हे तूच मला सांगितलं होतंस, रिबाउंड हॅमर मारून, नाहीतर कोअर म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढून. तो खर्च किती, दिवस किती, हे कागदावर मांडून ने. पुढच्या स्लॅबपासून क्यूब मी स्वतः उभा राहून भरून घेतो म्हण. त्यांच्यावरही वरून दबाव असेल, ते काही नबुखद्नेस्सर नव्हेत. एवढं करूनही ते म्हणाले की सही कर, तर पेत्राने न्यायसभेत दिलेलं उत्तर तुझंही उत्तर: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. फक्त ते हळू आवाजात दे.

आणि एक. यातून काही निभावलं, तर लगेच ग्रुपवर टाकू नकोस. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने दोन्ही सांगितलंय. पाचव्या अध्यायात, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. सहाव्यात, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. बरीच वर्षं मला हे एकमेकांच्या उलट वाटायचं. आता वाटतं, पाचव्यातलंच वाक्य पुरतं वाचलं की उलगडतं: लोकांनी तुमची कामं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. तुमचं नव्हे. साइटवरच्या पोरांना दिसेल ना की आशिष सरांनी क्यूब भरून घेतले. तेवढं पुरे. त्यांनी कारण विचारलं तर सांग, न विचारता प्रवचन नको.

हप्त्याचं बोलते. पप्पांचं आणि माझं ठरलंय. वाईटात वाईट झालं तर सहा महिने हप्त्यातला अर्धा भाग माझ्या पेन्शनमधून जाईल. नाही म्हणू नकोस आणि सुनबाईंपासून लपवूही नकोस. ही सही एकट्याने नाकारायची गोष्ट नाही, घर दोघांचं आहे. तिला आज रात्रीच सगळं सांग. ती तुझ्यापेक्षा खंबीर निघेल असा माझा अंदाज आहे.

मंगळवारी साहेबांना भेटणार आहेस ना? अकरा वाजता इथे आम्ही दोघं गुडघ्यावर असू. म्हणजे मी असेन, पप्पा खुर्चीत, त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. आम्ही तुला धैर्य मिळावं म्हणून मागू, आणि साहेबांसाठीही मागू.

पिंकीला पापा.

तुझी,
आई

ता. क. पासबुकाची झेरॉक्स आणि हप्त्याची तारीख व्हॉट्सअॅपवर पाठव. रविवारी उपासनेनंतर जेवायला इकडेच या, पप्पा माझगावहून बोंबील आणणार आहेत.