भरलेल्या गाडीचे दिवे आधी खाली घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे आणि रखडलेली कामं यांवर भरपूर लिहून येतं, आणि ते यायलाच हवं. पण रात्री पनवेल सोडून खाली तळकोकणात उतरणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतो तो समोरून डोळ्यात घुसणारा उजेड. त्याबद्दल मात्र ‘लोकांना अक्कल नाही’ एवढं बोलून विषय संपतो. यातला बराच उजेड कुणी मुद्दाम मारलेला नसतो. गाडी डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर असूनही समोरच्याचे डोळे दिपतात, कारण गाडीचं नाक वर झालेलं असतं.

चाकरमान्यांची गाडी निघते तेव्हा मागे तिघं, डिकीत बॅगा, मखराचं सामान, वाणसामान, आणि वर कॅरियरही भरलेला. बहुतेक वजन मागच्या चाकांवर येतं. डिपरचा झोत साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी मागून फक्त एक इंच दबली, तरी हा सगळा उतार संपतो आणि झोत आडवा सरळ जातो. डिकी गच्च भरली की गाडी एका इंचापेक्षा जास्तच बसते.

यावरचा उपाय बहुतेक गाड्यांत कंपनीनेच दिलेला असतो. स्टिअरिंगच्या आसपास ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं. चालक एकटा किंवा पुढे दोघं असतील तर ०. सगळ्या सीट भरल्या तर १, वर डिकीतही सामान असेल तर २, आणि चालक एकटा पण डिकी गच्च असेल तर ३. गाडीगणिक थोडा फरक पडतो. पुस्तिकेत तक्ता असतो. आकडा वाढवला की उजेड वाढत नाही, झोत खाली जातो. गावी पोचून सामान उतरवलं की चाक पुन्हा ०वर आणायचं, नाहीतर परतताना आपल्यालाच रस्ता कमी दिसेल. मोटारसायकलवर मागे माणूस आणि पिशवी घेतली की हेच होतं. तिथे हेडलाइटचे बोल्ट सैल करून दिवा जरासा पुढे झुकवता येतो.

दिव्याची मूळ सेटिंगच बिघडली असेल तर हे चाक पुरत नाही. तपासणी घरी करता येते. टायरची हवा बरोबर, टाकी साधारण अर्धी, सीटवर चालक, चाक ०वर. जागा सपाट हवी, आणि आपल्याकडे ती शोधावीच लागते. पेट्रोल पंपाचं काँक्रीट किंवा शाळेच्या मैदानाची भिंत चालते. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून दोन्ही दिव्यांच्या मध्यावर खडूने खुणा करा. मग गाडी सरळ पाच मीटर मागे घ्या आणि त्या खुणांच्या पाच सेंटीमीटर खाली आडवी रेघ मारा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची सरळ कड या रेघेवर यायला हवी. डाव्या बाजूला ती कड वर चढलेली दिसेल. ती तशीच असते, रस्त्याची आपल्या बाजूची कड दिसावी म्हणून. दिव्याच्या मागे सहसा दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करायचा, दुसरा डावी-उजवीकडे. अर्धा अर्धा फेरा फिरवत भिंतीकडे बघत जा.

आता बल्बबद्दल. एच-४, म्हणजे अप्पर आणि डिपर दोन्ही एकातच असलेला बल्ब, कंपनीकडून ६०/५५ वॅटचा येतो, अप्पर (लांबचा झोत) ६०, डिपर ५५. बाजारात १००/९० वॅटचे सर्रास मिळतात. त्यांनी होल्डर वितळतो, वायरिंग कडक होऊन तडकतं आणि रिफ्लेक्टरची चकाकी जाते. एलईडी किटचं दुखणं आणखी वेगळं. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. खाली जाणारा उजेड रिफ्लेक्टरवर आपटून वर गेला असता, तो ती अडवते, म्हणूनच वरची कड स्वच्छ येते. रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचे ठिपके मिलिमीटरभर इकडेतिकडे झाले तरी उजेड चौफेर उधळतो. चालवणाऱ्याला गाडीपुढचा डांबराचा तुकडा पांढराशुभ्र दिसतो, म्हणून त्याला वाटतं दिवा जोरदार आहे. लांबचं मात्र आधीपेक्षा कमी दिसतं. शिवाय किटच्या मागचा पंखा आत मावावा म्हणून दिव्यामागची रबरी टोपी काढून टाकतात. मग किनाऱ्यावरची खारी, दमट हवा थेट आत शिरते आणि रिफ्लेक्टर काळवंडतो.

उजेड मंद वाटतो म्हणून बल्ब बदलण्याआधी अर्थिंग बघा. हेडलाइटची अर्थ वायर बॉडीला जिथे बोल्टने घट्ट केलेली असते, तिथे खाऱ्या हवेने पांढरट-हिरवी भुकटी जमते. बल्बला बारा व्होल्टऐवजी अकराच मिळाले तर जवळजवळ पाव उजेड जातो. बोल्ट काढून सँडपेपरने घासा, घट्ट करा, वर ग्रीस लावा. दिव्याची काच पिवळी पडली असेल तर पाण्यातला सँडपेपर १००० नंबरचा, मग २०००चा, मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही कोटिंग, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर. कोटिंग टाळलं तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. पुढची मोठी काच आतूनही पुसा. आतल्या बाजूला तेलकट थर असतो आणि समोरचा उजेड त्यावर पसरतो.

घाटात दिवे वापरण्याची रीत मात्र गाडी शिकवताना कुणी सांगत नाही. कशेडी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, कुठलाही घाट घ्या. डाव्या वळणावर आपला झोत रस्त्याबरोबर वळत नाही, तो सरळ जाऊन उजवीकडच्या लेनवर, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. म्हणून डाव्या वळणावर समोरची गाडी दिसायची वाट बघू नका. कातळावर किंवा झाडांवर तिचा उजेड हलताना दिसला की अप्पर खाली घ्या. आंधळ्या वळणाआधी एकदा अप्पर-डिपर आणि एक हॉर्न पुरे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे. धुक्यात अप्पर लावला तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. डिपर आणि फॉग लॅम्प लावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मग वळण्याची खूण देताच येत नाही.

समोरचा अप्पर खाली घेत नसेल तर एकदा अप्पर-डिपर करा, नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर न्या आणि वेग कमी करा. सूड म्हणून आपलाही अप्पर लावला तर दोन आंधळे समोरासमोर येतात. डोळे दिपल्यावर सावरायला तीन सेकंद लागले तर ताशी ६० किलोमीटरला तेवढ्यात गाडी ५० मीटर जाते. ओल्या रस्त्यावर याच वेगाला पूर्ण थांबायलाही साधारण ६० मीटर लागतात, आणि डिपरमध्ये काळ्या छत्रीतला माणूस किंवा रस्त्यात बसलेली गुरं त्याहून कमी अंतरावर दिसतात. आंबोलीकडे गवा उतरतो, तोही काळाच.

मागून चिकटून सतत अप्पर-डिपर मारणारा हा या सगळ्याचा जोडीदार. त्याला धडा शिकवायला अचानक ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. आतला आरसा रात्रीच्या खटक्यावर करा, आपलं पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा, म्हणजे आपल्याला ब्रेक हळू लावता येईल. रुंद, पक्की जागा आली की डावा इंडिकेटर देऊन त्याला जाऊ द्या. पावसात साइडपट्टीवर मात्र उतरू नका. डांबराची कड तुटलेली असते आणि लाल मातीत चाक रुततं. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे ‘जा पुढे’, असं धरून ओव्हरटेक करणंही धोक्याचं. तो खरंच उजवीकडे वळत असू शकतो.

कुणी पाठलाग करतोय किंवा कट मारून अडवतोय असं वाटलं तर सुनसान जागी थांबू नका. काचा वर, दारं लॉक, आणि सरळ पेट्रोल पंप, उजेडातलं हॉटेल किंवा पोलीस ठाणं गाठा. सोबतच्या माणसाने ११२ लावावा. गाडीचा नंबर, रंग, दिशा आणि जवळचा किलोमीटरचा दगड सांगावा. धोकादायक गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी ₹१,००० ते ₹५,००० दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

गणपतीच्या दिवसांत महामार्गावर प्रवाशांसाठी मदत केंद्रं उभी राहतात. परिवहन खात्याला आणि महामार्ग पोलिसांना विनंती आहे की त्यातल्या निदान दोन-तीन ठिकाणी, घाट सुरू होण्याआधी, सपाट जागेवर पाच मीटर अंतरावर एक पांढरा फळा उभा करावा आणि दिव्याचे स्क्रू फिरवणारा एक मेकॅनिक रात्रभर ठेवावा. एका गाडीला पाच मिनिटंही लागणार नाहीत. ज्यांच्या दिव्यात बाजारातलं एलईडी किट आहे त्यांना पहिल्या वर्षी दंड न करता साधा बल्ब बसवून द्यावा, पैसे गाडीवाल्याकडून घ्यावेत.

आपला,
एक गाडी दुरुस्ती कारागीर, ता. चिपळूण