सिस्टर, तुम्ही आधी बाबांना विचारलंत

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

लालबागच्या आमच्या चाळीत तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा बाबांना चार दिवस जुलाब होत होते आणि आम्ही ते थांबवायच्या गोळ्या देत होतो. तुम्ही एकच विचारलंत, "त्याआधी संडासला नीट कधी झालं होतं?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आठवडा उलटून गेला होता. आत खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ झिरपत राहतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आता तपासणं आलं. मानेला मार बसून बाबांचं छातीखालचं अंग गेल्यापासून त्यांना अनेकांनी तपासलंय. एका हॉस्पिटलात तर पडदा अर्धा उघडाच, बोलणं सगळं आमच्याशी, आणि बाबांना न सांगता कुशीवर वळवलं. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. 31 वर्षं बसमध्ये कंडक्टर होते ते. गर्दीत बाईमाणसाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून तिकिटं फाडणारा माणूस.

तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी वाचलीत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मूळव्याध आहे का, ते विचारलंत. मग स्टूल ओढून बाबांच्या नजरेसमोर बसलात. "काका, एक बोट घालून बघावं लागेल. मध्येच नको वाटलं तर नुसतं 'थांबा' म्हणा, मी थांबेन. करू का?" खोलीत कोण थांबलेलं चालेल, हेसुद्धा त्यांनाच विचारलंत. "पोरगा राहू दे," बाबा म्हणाले. बायको गॅलरीत गेली, दार लोटलं, खिडकीवर मी साडी टाकली.

डावी कूस, गुडघे पोटाशी, चादर लागेल तेवढीच बाजूला. ग्लव्हजवर भरपूर जेल. बोट आधी बाहेरच टेकवून थांबलात, अंग सैल पडेपर्यंत. "काका, आता आत."

थोड्याच वेळात बाबा म्हणाले, "डोकं ठणकतंय." चेहरा लाल, कपाळावर घाम. तुम्ही तिथेच थांबलात, हात काढलात, खाटेची डोक्याकडची बाजू वर घेतलीत. एरवी 100 च्या आसपास असणारं वरचं बीपी 170 वर गेलं होतं. कुशीवर वळवताना लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती, ती तुम्हीच शोधलीत. नळी सरळ होताच लघवी वाहायला लागली आणि बीपी उतरत गेलं. छातीच्या सहाव्या मणक्यात किंवा त्याच्या वर इजा असली की लघवी किंवा शौच तुंबल्यानेही बीपी असं भडकतं, जिवावरही बेतू शकतं, हे तुम्ही नंतर मला शांतपणे समजावलंत. त्या दिवशी पुढे हात लावला नाहीत. डॉक्टरांना फोन केलात, आणि दुसऱ्या दिवशी बधिर करायचं जेल लावून, बीपी बघत बघत, खडा थोडा थोडा करून काढलात. प्रत्येक वेळी आधी विचारून.

आता सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे पोटावर घड्याळाच्या दिशेने हात फिरवतो. नळी आधी बघतो. आणि बाबांना विचारतो, "करू का?" पहिले काही दिवस मला ते अवघड जायचं. मुलाने बापाला काय विचारायचं, असं वाटायचं. आता बाबा मान हलवतात आणि डोळे उघडे ठेवतात.

यंदा गणपतीत नक्की या. बाबांनी आवर्जून सांगायला सांगितलंय, जेवूनच जायचं.

तुमच्या काकांचा मुलगा