सात लुगडी आणि अकरा सेकंद

सातारा,
6 ऑगस्ट

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत तुमच्या मळ्यातल्या विहिरीवर चित्रीकरण झाले, त्याला सात महिने होत आले, आणि एवढ्या काळात मी तुला एका ओळीनेही काही कळवले नाही, याची मला मनापासून लाज वाटते. विहीर तुमची, लुगडी आक्काने जमवलेली, थंडीत पाण्यात उभी राहिली ती मनी, आणि तुला मात्र सगळे आक्काच्या फोनवरून तुकड्यातुकड्याने कळत राहिले. दोनदा लिहायला बसलो आणि ‘चित्रपट पुरा होऊ दे, मग लिहू’ असे म्हणून उठलो. तो अजून पुरा झालेला नाही. पण गेल्या गुरुवारी रात्री जे घडले, ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही, म्हणून आज लिहितो आहे.

इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. बाबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट पार पडली. माझा गुडघा आहे तसाच आहे.

आजीची गोष्ट ओट्यावर ऐकली तशीच ठेवली आहे. ऐन दुपारी एकटीने विहिरीवर गेलेली सासुरवाशीण, हातून सुटलेली कळशी, आणि ती कळशी परत द्यायला पाण्यातून वर येणाऱ्या सात आसरा. सगळा मिळून बावीस मिनिटांचा चित्रपट आहे आणि त्यातला जीव त्या सात जणींत आहे, असे मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. सुरुवातीला माझ्या मनात लिंबची बारामोटेची विहीर होती. वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या वर्षांत बांधून घेतलेली ती 110 फूट खोल विहीर पाहिली, की खाली कोणीतरी राहत असणार याबद्दल शंकाच उरत नाही. पण तिथे पाहायला येणाऱ्यांची रीघ असते, आणि शिवाय त्या पायऱ्यांवर आपली आजी कधी बसलेली नव्हती. शेवटी तुमच्याच विहिरीवर आलो, ते बरे झाले.

आक्काने पहिल्याच दिवशी अट घातली, की खऱ्या स्थानाकडे कॅमेरा वळवायचा नाही. ती मला पूर्ण मान्य होती. म्हणून सात तांदळे, म्हणजे आसरा म्हणून पुजतात ते दगड, आम्ही थर्माकोलचे कोरले आणि त्यांना काळा रंग द्यायला मी बाजारातून स्प्रेचा डबा आणला. त्या रंगातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पहिल्या तांदळ्यावर फवारा पडला मात्र, गरम तव्यावर लोण्याचा गोळा ठेवावा तसा तो माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला आणि त्याच्या पोटात एक खळगा पडला. मग उरलेल्यांवर वर्तमानपत्राचे तुकडे फेव्हिकॉलने तीन थर चिकटवले, वाळवले आणि साधा पोस्टर रंग दिला. तो बसका तांदळा मात्र मनीने टाकू दिला नाही. तिच्या मते सातांतला तोच सर्वांत खरा दिसतो, आणि पडद्यावर पाहिल्यावर मला ते पटले.

आता मुख्य दृश्याकडे येतो. सात नट्या आणणे आपल्या ऐपतीबाहेरचे होते. एकूण बासष्ट हजार रुपये होते आणि त्यांतले वीस हजार तूच न विचारता पाठवले होतेस. म्हणून मनीलाच सात वेळा उभे करायचे ठरवले. फोन तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, प्रकाश, फोकस आणि रंग लॉक करायचे, मनीने शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात पहिल्या जागी उभे राहायचे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि नंतर संगणकावर त्या सात पट्ट्या शेजारीशेजारी जोडायच्या. युक्ती सिनेमाइतकीच जुनी आहे. त्या काळी फिल्म कॅमेऱ्यात मागे फिरवून तिच्यावरच पुन्हा चित्रण करीत. अडचण एवढीच होती, की एकदा पाण्यात शिरल्यावर लुगडे भिजते आणि भिजलेले लुगडे घालून पुढच्या जागी उभे राहता येत नाही. म्हणून सात लुगडी हवी होती, सातही हिरवी आणि सातही नऊवारी.

आक्का सात घरी गेली आणि सात लुगडी घेऊन आली. कोणाचे लग्नातले, कोणाचे इरकली. सुताराच्या काकूंनी आपले डोहाळजेवणाचे लुगडे दिले. कितीतरी वर्षे ते ट्रंकेत होते. आक्काने ते विहिरीच्या काठावर उलगडले, तेव्हा डांबरगोळ्यांचा वास खाली पाण्यापर्यंत पोचला आणि घड्यांच्या रेघा कापडावर पांढऱ्या उमटलेल्या दिसल्या. मनी ते नेसून पाण्यात उतरली आणि त्याचा रंग सुटला. तिच्या गुडघ्यांभोवती हिरवी शाई पसरावी तसे पाणी झाले. मी स्वतः काकूंकडे जाऊन माफी मागितली आणि नवे लुगडे घेऊन देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, “नवं कशाला? सिनेमात दिसेल ना, मग झालं.” बंडू, हे वाक्य लक्षात ठेव. माझी सगळी काळजी त्याच्यात आहे.

ऊन विहिरीत तासभरच उतरते, हे तुला ठाऊक आहेच. प्रत्येक खेपेनंतर पाणी निवायला चार-पाच मिनिटे थांबावे लागे, त्यामुळे सात खेपांना तो सगळा तास गेला. एका तासात सूर्य पंधरा अंश सरकतो. पहिल्या मनीच्या मागे सावलीची कड तिसऱ्या पायरीवर आहे आणि सातव्या मनीच्या मागे पाचव्या पायरीवर. त्याहून मोठा घात पाण्याने केला. एका पट्टीत उठलेली लाट शेजारच्या पट्टीच्या सांध्याशी येते आणि कात्रीने कापल्यासारखी संपते. दृश्य अकरा सेकंदांचे. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर 264 होतात, आणि सात पट्ट्यांचे सांधे सहा, म्हणजे 1,584 ठिकाणी हाताने डागडुजी. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट मिळणारी आवृत्ती वापरतो. पतपेढीतून आल्यावर रोज रात्री जेवण झाले, की बसतो. मार्चपासून हेच चालले आहे आणि दृश्य दिवसेंदिवस सुधारते आहे, हेही खरे आहे.

गुरुवारी रात्री एक वाजता चौथा सांधा काही केल्या जुळेना. चूक कोणत्या पट्टीत आहे ते शोधण्यासाठी मी एकेक लेयर बंद करीत गेलो. सातवी मनी गेली, सहावी गेली, पाचवी गेली. शेवटची नाहीशी झाली आणि तळाशी रिकाम्या विहिरीची ती क्लीन प्लेट उरली, जी मनी पाण्यात उतरण्याआधी आम्ही नियम म्हणून घेतली होती आणि जिच्याकडे मी एकदाही नीट पाहिले नव्हते. चित्र चालूच होते. पिंपळाचे एक पान गिरक्या घेत पाण्यावर टेकले. काही क्षण काहीच नाही. मग त्या पानापासून हातभर अंतरावर, वारा नसताना, पाण्याला एक सुरकुती पडली, तिच्या मधोमध बोटाच्या पेराएवढे काळे काहीतरी वर आले, तिथेच थांबले, जणू ते वर बघत होते, आणि आले तसे खाली गेले. वर्तुळे मात्र पायरीला लागेपर्यंत पसरत राहिली. माझ्या अंगावर काटा आला. मी ते पंधरा-वीस वेळा पाहिले असेल, आणि दर वेळी आला.

ते कासव आहे, बंडू. मोठे करून पाहिले, तर नाकपुड्यासुद्धा दिसतात. 2003 च्या दुष्काळात गाळ काढला तेव्हा विहिरीतले कासव गेले, असे सगळेच धरून चालले होते आणि तू दोन दिवस जेवला नव्हतास. हे तेच आहे असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, परंतु त्यानंतर त्या विहिरीत कोणी कासव सोडल्याचे आक्कालाही आठवत नाही. आणि आजी जी नावे म्हणायची, मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी, त्यांतली कूर्मी म्हणजे कासवीणच की. आपण मनीला सात वेळा पाण्यात उभे करण्याआधीच त्यांतली एक येऊन गेली होती आणि माझ्या कॅमेऱ्याने ती टिपलीही होती.

आता तू काय म्हणणार ते मला ऐकू येते आहे. पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेरीला, भरतमध्ये, आपल्या एकांकिकेतला वेताळ दाखवायचा की नाही, यावरून आपण वीस दिवस बोलत नव्हतो. तुझे म्हणणे, दिवा मंद करा, बाकीचे प्रेक्षक करतील. माझे म्हणणे, लोक वेताळ पाहायला आले आहेत, तो दाखवलाच पाहिजे. वेताळ रंगमंचावर आला आणि तिसऱ्या रांगेपासून हसू सुरू झाले. त्या रात्री तू एक शब्दही बोलला नाहीस आणि मला लूनावर मागे बसवून खोलीवर सोडलेस, हे मी विसरलेलो नाही. (लूना चढावर तूच ढकलायला लावली होतीस, हेही विसरलेलो नाही.) इतक्या वर्षांनी सांगतो, वेताळाच्या बाबतीत तुझे बरोबर होते. पण आसरांच्या बाबतीत मला इतक्या सहजी तसे म्हणता येत नाही, कारण त्या वेताळामागे माझ्या हट्टाशिवाय काही नव्हते आणि या सात जणींमागे सात घरे आहेत.

दृश्य म्हणून विचारशील, तर निवाडा झालेला आहे. रिकामी विहीर ठेवली, तर सासुरवाशिणीच्या चेहऱ्यावरची भीती खरी वाटते. सात जणी ठेवल्या, तर पाहणारा सांधे शोधू लागतो. गणपतीत पाचव्या दिवशी देवळापुढे पडदा लावून खेळ करायचे ठरले आहे, आणि आक्का सांगते, की त्या सातही घरच्या बायका आपले लुगडे ओळखायला पुढच्या रांगेत बसणार आहेत. सुताराच्या काकूंनी मुंबईहून मुलीला बोलावले आहे. त्यांच्यासमोर मी पान, सुरकुती आणि कासवाचे नाक दाखवायचे का? सरस्वतीबाई फाळके यांनी घरच्या माणसांपासून कामगारांपर्यंत सगळ्यांचा स्वयंपाक केला, रात्री जागून फिल्मला छिद्रे पाडली, आणि पडद्यावर त्यांचा मागमूसही नाही, हे वाचल्यापासून मला नेहमी खटकत आले आहे. आता तेच मी आक्काच्या बाबतीत करू का? मनीला तर त्या दिवसानंतर चार दिवस ताप होता आणि तिने तो तुला कळू दिला नाही. (मी हे लिहिले असे तिला सांगू नकोस.)

एक मधला मार्ग सुचतो. आधी कासव, आणि चित्रपटाच्या अगदी शेवटी, नावांच्या वेळी, सात लुगडी विहिरीच्या काठावर वाळत घातलेली. तशी ती खरोखरच घातली होती आणि मी सहज म्हणून त्यांचे अर्धे मिनिट चित्रण केले होते. वाऱ्याने त्यांचे काठ फडफडत आहेत आणि काकूंच्या लुगड्यावरचे रंग सुटलेले पट्टे स्पष्ट दिसतात. ते चित्र सुंदर आहे. पण त्यात मनी नाही. ती सात खेपा उभी होती आणि तिच्या वाट्याला एकही सेकंद उरत नाही, हे मला काही केल्या सोडवत नाही.

तुझ्या बदलीचे कळले. नागपूरचा उन्हाळा आणखी एक वर्ष काढावा लागणार याचे वाईट वाटले. वहिनींच्या शाळेचे तरी जमले, हे चांगले झाले. छोटीला दहावीच्या यशाबद्दल माझे आशीर्वाद सांग. तिचे पेढे तुझ्याकडे बाकी आहेत.

दोन्ही प्रती पेन ड्राइव्हवर घालून उद्या कुरिअरने पाठवतो. एकीत सात जणी आहेत, दुसरीत विहीर आणि लुगडी. वहिनींना आणि छोटीला आधी काहीही न सांगता दाखव, आणि तू पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघ. मग मनीचा मामा म्हणून नव्हे, दिवा मंद करा म्हणणारा म्हणून काय ते लिही. मनीशी मी रविवारी बोलणार आहे, त्याच्या आत तुझा फोन आला तर बरे वाटेल. आणि एक राहिलेच. वर नावे लिहिली आहेत ती मला आठवतात त्या क्रमाने लिहिली आहेत, पण आजी मोजताना कूर्मीशी आली की थांबायची आणि विहिरीकडे बघायची, एवढे मला पक्के आठवते. ती कितवी होती?

तुझा,
विनू